आवार मोठं आहे, पण चालणार कोण?

कुत्रं दत्तक हवं म्हणून फोन करणाऱ्यांना मी आधी जागेबद्दल विचारत नाही. घरात सकाळी सगळ्यात आधी कोण उठतं आणि उठल्यावर काय करतं, हे विचारते. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा गोंधळतो. त्याने सांगायला वेगळंच काही तयार ठेवलेलं असतं. बंगला आहे, भोवती आवार आहे, गच्ची आहे, खायला-प्यायला काही कमी पडणार नाही. यातलं काहीच वाईट नाही. पण माझ्याकडचं कुत्रं वर्षाच्या आतबाहेरचं, हाडापेराने मजबूत आणि एका जागी न ठरणारं असेल, तर त्याच्या साथीने रोज चालणारं माणूस त्या घरात आहे का, एवढंच मला कळायला हवं असतं.

मी नाशिकमधल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. शाळा भरण्याआधीचा आणि सुटल्यानंतरचा माझा वेळ गेली कित्येक वर्षं रस्त्यावर सापडलेली, टाकून दिलेली कुत्री सांभाळण्यात जातो. बरी होईपर्यंत, घर मिळेपर्यंत ती माझ्याकडे असतात. लहान पिल्लांना घर मिळतं. म्हातारं, शांत कुत्रंही कुणीतरी कणव येऊन नेतं. अडकतात ती आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतची. त्यातही माद्या जास्त अडकतात, कारण लोकांना अजूनही नरच हवा असतो. नसबंदी झालेली मादी सांभाळायला अजिबात अवघड नाही, हे दर वेळी नव्याने पटवावं लागतं.

भिंगरी अशीच अडकलेली. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर विजेच्या खांबाला बांधलेली सापडली. गळ्यात चांगल्यापैकी पट्टा, अंगावर एकही जखम नाही, दात पांढरे स्वच्छ. कुणाच्या तरी घरात वाढलेली, हे उघड होतं. रंग उसाच्या गुळासारखा, पाय लांब, शेपटी पाठीवर वळलेली, चक्क आपलं गावठी कुत्रं. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी तिने दोरीवरचे कपडे ओढून काढले, पलंगावरून खिडकीच्या कठड्यावर गेली, दार उघडणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत गोल गोल फिरत राहिली. तिचं नाव तिथेच ठरलं.

तिला कुणी का सोडलं असेल, याचा अंदाज बांधायला मला फार विचार करावा लागला नाही. पिल्लू असतं तेव्हा सगळ्या घराला कौतुक असतं. सहासात महिन्यांनी दात, पाय आणि ताकद एकदम वाढते, आणि काल हाक मारली की धावत येणारं कुत्रं आज मान वळवून बघतं आणि आपल्या वाटेने जातं. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंधांना वाट दाखवण्यासाठी वाढवली जाणारी कुत्री त्यांनी तपासली. पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्या माणसाने ‘बस’ म्हटलं की बसणारी हीच कुत्री आठ महिन्यांची झाल्यावर त्याच माणसाला दाद देईनाशी झाली. परक्याने तेच सांगितलं, तर मात्र ऐकत होती. वर्षाची होईपर्यंत ती पुन्हा ताळ्यावर येत होती. सातवी-आठवीच्या मुलांना रोज मैदानावर बघणाऱ्या मला यात नवल वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की नेमक्या याच महिन्यांत लोक कुत्रं परत आणतात किंवा खांबाला बांधून निघून जातात. थोडे महिने कळ काढली असती, तर पुढची दहा-बारा वर्षं सोबत राहिली असती.

अशा कुत्र्याला ‘दमवा’ म्हणून सल्ला देणारे खूप भेटतात. तासभर चेंडू फेका, सायकलमागे पळवा, गच्चीवर सोडा. माझा अनुभव वेगळा आहे. नुसतं पळवून कुत्र्याचा दम वाढतो. आज अर्ध्या तासात धापा टाकणारं कुत्रं महिन्याभराने तासभर पळून आल्यावरही तुमच्या चपलेकडे बघत उभं राहतं. आम्ही खेळाडू घडवताना हेच करतो, फक्त तिथे ते हवं असतं. भिंगरीला मी गोदाकाठाने लांब दोरीवर न्यायचे आणि तिला हवं तिथे थांबू द्यायचे. एका झुडपापाशी ती दहा-दहा मिनिटं हुंगत राही. कुत्र्याचं जग नाकातून उलगडतं, आणि वास काढताना त्याचं डोकं जितकं गुंततं तितकं पळताना गुंतत नाही. घरी आल्यावर जुन्या गोणपाटाच्या घड्यांमध्ये भाकरीचे तुकडे लपवून ठेवायचे आणि तिला शोधायला लावायचे. त्यानंतर ती आपण होऊन आडवी होई. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास झोपतं. तरण्या कुत्र्याला धावायला शिकवावं लागत नाही, शांत पडायला मात्र शिकवावं लागतं, आणि हे घरातल्या कुणालाच आधी ठाऊक नसतं.

उत्तराखंड पोलिसांनी काही वर्षांपूर्वी ठेंगा नावाच्या रस्त्यावरच्या कुत्र्याला शिकवून आपल्या श्वानपथकात घेतलं, ही बातमी मी शाळेच्या फलकावर लावली होती. गावठी कुत्र्याला शिकवता येत नाही, असं समजणाऱ्या पालकांसाठी. सगळ्याच कुत्र्यांना पोलिसात जायचं नाही. पण हाताला काम नसलेल्या अंगातल्या ताकदीला आपण ‘मस्ती’ म्हणतो, एवढं तरी त्यातून कळावं.

आता मळ्याबद्दल. नाशिकमध्ये हा सल्ला हमखास मिळतो : “मळ्यात सोडून द्या, मोकळं हुंदडेल.” प्रेमाने दिलेला सल्ला असतो, म्हणून तो नाकारणं जड जातं. मी मळे जवळून पाहिले आहेत, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. मळ्यात सुखाने राहणारी कुत्री आहेत, पण ती तिथेच जन्मलेली, शेळ्यांच्या अंगाला अंग लावून मोठी झालेली, कोणत्या आवाजाला घरात पळायचं ते जाणणारी असतात. शहरातून नेऊन सोडलेलं वर्षाचं कुत्रं दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या कोंबड्या मारतं आणि तिसऱ्या दिवशी साखळीला बांधलं जातं. मग त्याचं हुंदडणं साखळीच्या लांबीएवढं. बाजूला द्राक्षबाग असेल तर फवारणीचे दिवस असतात, आणि खाली पडलेले मणी असतात. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हे द्राक्षाच्या आपल्या जिल्ह्यात तरी प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

आणि बिबट्या. उसात राहणारा बिबट्या रात्री काय खातो, हे शेतकऱ्याला विचारलं तरी कळतं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्यांच्या खाद्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. कुणी मला मळ्यात नेतो म्हणालं, की रात्री ते कुठे झोपणार एवढंच मी विचारते. पडवीत, दार लावून, असं उत्तर आलं तर पुढे बोलते.

बंगल्याच्या आवाराचंही थोडंफार हेच आहे. गंगापूर रोडवरचं एक जोडपं भिंगरीला बघायला आलं होतं. मनाने अतिशय चांगली माणसं. दोघंही सकाळी आठला बाहेर पडणार, संध्याकाळी सातला परतणार, दिवसभर कुत्री आवारात. ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीवर भुंकेल, कुंपणाच्या कडेने धावत राहील, कुंड्या उकरेल, आणि सहा महिन्यांत ‘चावरं’ म्हणून तिचं नाव होईल. आवारात कुत्रं आपण होऊन व्यायाम करत नाही, ते माणसाची वाट बघतं. मी त्यांना भिंगरी दिली नाही. त्यांना राग आला, आणि तो मला समजला. पुढे माझ्याकडे एक आठेक वर्षांचा, गुडघ्याने अधू झालेला, ऊन बघून झोपणारा कुत्रा आला तेव्हा मी आपण होऊन त्यांना फोन केला. तो आज त्यांच्या पोर्चमध्ये आहे आणि त्याला याहून चांगलं घर मला शोधता आलं नसतं. घर चांगलं की वाईट, असा प्रश्न मी विचारतच नाही. कोणत्या कुत्र्याला कोणतं घर, हा प्रश्न आहे.

फ्लॅटमध्ये असं कुत्रं राहूच शकत नाही, हाही गैरसमज. राहू शकतं, दिवसातून दोनदा कुणी नीट फिरवलं तर. सोसायटीने ठराव करून कुत्रं पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालू नये, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट केलेलं आहे. अडचण येते ती भाड्याच्या घरात. अकरा महिन्यांचा करार संपतो, नवा घरमालक कुत्रं नको म्हणतो, आणि जिवापाड प्रेम करणारी मुलं रडत रडत कुत्रं परत आणतात. म्हणून भाडेकरूंकडून मी घरमालकाची लेखी संमती मागते. कुणाला यात अपमान वाटतो. मला त्या कुत्र्याचं दुसऱ्यांदा घर सुटणं जास्त लागतं.

अजूनही काही गोष्टी मी तोंडावर विचारते. मुलगा नववीत आहे का? कारण दहावीत गेला की कुत्रं परत येतं, हे आमच्याकडचं ठरलेलं कारण आहे. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का? भिंगरीसारखी कुत्री प्रेमानेच अंगावर झेप घेईल, पण मूल पडायचं ते पडेलच. आजी-आजोबांपैकी कुणाला ती फिरवावी लागणार आहे का? एक हिसका बसला की खुब्याचं हाड मोडतं. घरात सोवळं पाळलं जातं का, आणि देवघराजवळ कुत्रं आलेलं चालणार आहे का? हा प्रश्न विचारला की लोकांना हायसं वाटतं, कारण मनात तोच असतो आणि बोलायला संकोच. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी कुत्रं बघणाऱ्या घरातही स्वयंपाकघराचा उंबरा वेगळा असू शकतो. त्याचा मान ठेवून मार्ग काढता येतो, पण आधी बोललं तर.

आणि सगळं जुळलं तरी माझी एक अट असते. कुत्रं न्यायच्या आधी आठवडाभर रोज सकाळी माझ्याबरोबर त्याला फिरवायला यायचं. घरातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी. बरेच जण पहिल्या दोन दिवसांत यायचे थांबतात. मला त्यांचा राग येत नाही. सकाळी सहाची वेळ आपल्याला जमणारी नाही, हे त्यांना कुत्रं घरी नेण्याआधी कळलं.

भिंगरी सातपूरमधल्या दोन खोल्यांच्या घरात गेली. घर स्वतःचं, वडील एका कारखान्यात पहिल्या पाळीला, त्यामुळे घर पहाटे पाचला जागं. मुलगी पोलीस भरतीची तयारी करणारी, आठशे मीटरचा सराव रोजचा. धाकटा मुलगा कॉलेजात. ऐकताना वाटावं की या मुलीसाठीच ही कुत्री जन्मली. पण मला ते घर पटलं ते आईमुळे. पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या, “मॅडम, पोरगी उद्या भरती होऊन गेली तर हिला कोण फिरवणार, ते आधी बोलून घेऊ. मला गुडघ्यांमुळे जमायचं नाही.” इतका रोकडा प्रश्न मला आजवर फार कमी घरांनी विचारला आहे. मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसूनच वाटणी झाली. पहाट वडिलांची, संध्याकाळ मुलाची, जेवण आणि औषधपाणी आईचं. मुलीचं पळणं हा वरकड आनंद.

त्या आठवड्यात वडिलांचं आणि भिंगरीचं जे जमलं, ते बघण्यासारखं होतं. मुलगी तिला पुढे ओढायला बघायची, मुलगा मोबाइल बघत चालायचा. वडील मात्र ती हुंगायला थांबली की थांबायचे. दिवसभर यंत्रासमोर उभं राहणाऱ्या त्या माणसाला घाई नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंगरी चालता चालता मान वर करून त्यांच्याकडे बघायला लागली. कुत्रं दोरीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे आपण होऊन बघायला लागलं, की निम्मं शिक्षण झालं.

त्यांच्या गल्लीत शेजारच्या काकूंना पूर्वी कधी कुत्रं चावलेलं. त्यांचा विरोध होता आणि तो रास्त होता. कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या आमच्यातल्या काही जणांना चावा बसलेल्या माणसाचं ऐकूनच घ्यायचं नसतं, ही गोष्ट मला मुळीच पटत नाही. रेबीज झाल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. त्या भीतीला हसण्यात काय अर्थ? आम्ही काकूंकडे जाऊन बसलो, भिंगरीचं रेबीजच्या लशीचं कार्ड दाखवलं, दर वर्षी लस होईल आणि गल्लीत ती कायम दोरीवर असेल असं घरच्यांनी कबूल केलं. काकू अजूनही तिला हात लावत नाहीत. लावायची गरजही नाही.

पंधरा दिवसांची मुदत मी प्रत्येक घराला देते. जमलं नाही तर परत आणा, मी एक शब्द बोलणार नाही. परत आणण्याची लाज वाटली, की माणूस रात्री महामार्गाकडे वळतो. रविवारी मैदानात मांडव घालून तासाभरात पिल्लं वाटणाऱ्या शिबिरांना माझा विरोध आहे तो यासाठी. पिल्लू उचलून देणं सोपं असतं. आठव्या महिन्यात त्या घराचा फोन घ्यायला तिथलं कुणी नसतं.

याची जबाबदारी फक्त आमच्यासारख्यांवर सोडून भागणार नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या खासगी विधेयकापासून त्याची वाट सुरू झाली. त्याच्या ११ व्या कलमात कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं ही क्रूरता मानली आहे. भूक-तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर सोडून देणंही. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. भिंगरीच्या गळ्यातला पट्टा त्याहून महाग होता.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात दिलेल्या आदेशात, इच्छुकांना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेता येईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असं म्हटलं. मला हे मनापासून योग्य वाटतं. पण जबाबदारी टाकायची तर माणसाला ती पेलण्यासारखं कुत्रं मिळालं पाहिजे. महापालिकांनी अर्जात नाव, पत्ता आणि आधार क्रमांकाबरोबर घरातला दिवस कसा जातो, हेही विचारावं. नसबंदी आणि लसीकरण झाल्याशिवाय कुत्रं देऊ नये. पहिल्या महिन्यात एकदा आणि कुत्रं आठ-दहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा एकदा, कुणीतरी जाणतं माणूस त्या घरी जाऊन यावं. कुत्र्यांना मोकळं सोडता येईल अशी कुंपण घातलेली एखादी जागा प्रत्येक विभागात असावी. शाळेची मैदानं त्यासाठी कुणी मागू नयेत. तिथे माझी मुलं पडतात, गुडघे फोडून घेतात, ती माती स्वच्छच राहिली पाहिजे. पण पालिकेच्या ताब्यात पडून असलेल्या मोकळ्या जागा काय कमी आहेत? त्यातली एक सकाळी दोन तास उघडली, तरी फ्लॅटमधल्या कितीतरी कुत्र्यांचे दिवस सुधारतील.

घरी जाऊन येणाऱ्या माणसांसाठी पालिकेला नवी पदं भरावी लागणार नाहीत. नाशिकमध्ये हे काम विनामोबदला करणारी माणसं मला ठाऊक आहेत. पशुवैद्यकांकडे मदतनीस म्हणून काम केलेली आहेत, निवृत्त फौजी आहेत, माझ्यासारखे शिक्षक आहेत. पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाने आमची यादी करावी, विभाग वाटून द्यावेत आणि अर्जाचा नमुना आमच्याबरोबर बसून तयार करावा. शाळेला दिवाळीची सुट्टी लागली की माझ्याकडे वेळच वेळ आहे. त्याआधी बोलावलं तर संध्याकाळी पाचनंतर मी येऊ शकते.